जुने गेम, नवा कन्सोल: आधी डिस्का पलंगावर पसरा, मग दुकानात जा

गेल्या दिवाळीत खानापूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, पीएस ५ घेतलो, पण ह्यात सीडी घालायची कुठून तेच कळंना." मी म्हटलं फोटो पाठव, फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला. पोराने पीएस ५ चा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ चा, डिजिटल एडिशन उचललेला, त्याला डिस्क घालायची फटच नसते, आणि ह्याच्या कपाटात पीएस ४ च्या सतरा डिस्का. दुकानात विचारलास काय रे म्हटलं तर म्हणतो, "विचारलो की, ते म्हणाले जुने गेम सगळे चालतात." आता तो माणूस अगदी खोटं बोलला असंही नाही, गेम चालतात, फक्त आत जाणार कुठून ते त्याने सांगितलं नाही आणि आमच्या शहाण्याने विचारलं नाही.

म्हणून हे लिहितोय. पहिल्यांदाच कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा मशीन, घेणार असाल, किंवा जुना ओएलएक्सवर टाकून नवा घ्यायला निघाला असाल, तर पैसे देण्याआधी हे एकदा वाचा. नवा मशीन जुन्या मशीनचे गेम चालवतो त्याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात, शब्द मोठा आहे पण प्रश्न एवढाच की माझ्याकडची ही डिस्क त्या डब्यात लागणार काय.

पहिलं काम: डिस्का पसरा

घरातल्या सगळ्या डिस्का काढून पलंगावर पसरा. मी पसरलो तेव्हा आई दारातून म्हणाली, "काय करूलालास रे ते, झोपायचं कुठं?" पण पर्याय नाही, कारण बऱ्याच जणांना आपल्याकडे नक्की काय आहे तेच माहीत नसतंय. डबा हरवलेला असतो, आतली डिस्क दुसऱ्याच गेमची असते.

ओळखायचं कसं ते सांगतो. डिस्क उलटी करून बघा. मागची बाजू काळी असेल तर पीएस १ ची. निळसर असेल तर पीएस २ ची सीडी, चांदीसारखी असेल तर बहुतेक पीएस २ ची डीव्हीडी. डबा पारदर्शक असला तर पीएस ३, निळा असला तर पीएस ४, निळाच पण वर पांढरी पट्टी असली तर पीएस ५. हिरवा डबा म्हणजे एक्सबॉक्स, मग एक्सबॉक्स ३६० आहे की एक्सबॉक्स वन ते वरच्या पट्टीवर वाचायचं.

आणि एक ढीग वेगळा करा, तो म्हणजे पांढऱ्या डिस्का ज्यांच्यावर मार्करने "डब्लूडब्लूई" किंवा "जीटीए सॅन" लिहिलंय. त्या चोरून कॉपी केलेल्या, आपण सगळ्यांनीच कधीतरी घेतल्यात, उगाच साव कशाला व्हायचं. पण त्या फक्त चिप मारलेल्या, म्हणजे कॉपी चालावी म्हणून आत जादा चिप बसवलेल्या, जुन्या पीएस २ मध्ये चालतात. पीएस ३ पासून पुढच्या कुठल्याच मशीनमध्ये ती डिस्क घालून काही होणार नाही, म्हणून हिशेबातून तो ढीग काढून टाका. माझ्या पलंगावरचा जवळजवळ अर्धा ढीग असा गेला.

दुसरं काम: कुठली डिस्क कुठल्या मशीनवर लागते ते बघा

प्लेस्टेशनचं सांगतो कारण आपल्याकडे तेच जास्त. पीएस २ आला २००० साली आणि त्यात पीएस १ च्या डिस्का चालायच्या. पीएस ३ (२००६) मध्ये पीएस १ च्या डिस्का सगळ्या मॉडेलमध्ये चालतात, पण पीएस २ च्या फक्त सुरुवातीच्या काही जाड मॉडेलमध्ये, कारण त्यात पीएस २ ची चिपच बसवलेली होती, पुढे खर्च वाचवायला ती काढली. पीएस ४ (२०१३) मध्ये मागचं काहीच नाही, शून्य. पीएस ५ (२०२०, आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत) मध्ये पीएस ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, चार हजाराच्या वर, सुरुवातीला न चालणाऱ्यांची सोनीने जी यादी दिली त्यात फक्त दहा नावं होती आणि त्यातलं एकही तुमच्याकडे असण्याची शक्यता कमी. पण पीएस ३, पीएस २, पीएस १ च्या डिस्का पीएस ५ मध्ये लागत नाहीत. मशीन डिस्क आत घेईल आणि ओळखता येत नाही म्हणून सांगेल.

लोक इथेच चिडतात, की एवढा महाग मशीन आणि वीस वर्षांपूर्वीचा गेम चालवता येत नाही? ताकदीचा प्रश्न नाही हो तो. पीएस ३ च्या आत सेल नावाचा प्रोसेसर होता, एक मुख्य भाग आणि त्याच्या हाताखाली सात मदतनीस, अशी विचित्र रचना, आणि गेम बनवणाऱ्यांनी त्या मदतनीसांना काम वाटून गेम लिहिले. पीएस ४ आणि पीएस ५ दोन्ही एएमडीच्या साध्या कॉम्प्युटरसारख्या प्रोसेसरवर, म्हणून त्या दोघांचं जमतं. पीएस ५ ला पीएस ३ चा गेम देणं म्हणजे कन्नड शाळेत शिकलेल्या पोराला अचानक इंग्लिश मीडियमच्या दहावीचा पेपर दिल्यासारखं आहे, पोरगं हुशार असेल पण प्रत्येक ओळ आधी भाषांतर करून वाचावी लागणार. ते भाषांतर करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एम्युलेटर, आणि सेलचं भाषांतर भयंकर जड.

सोनी प्लस डिलक्स म्हणून सबस्क्रिप्शन विकतंय, त्यात पीएस १, पीएस २ आणि पीएसपीचे (सोनीचा हातात धरून खेळायचा जुना मशीन) थोडे निवडक गेम मिळतात. तुमच्या पलंगावरच्या डिस्काचा आणि त्याचा काही संबंध नाही, ते वेगळे पैसे.

एक्सबॉक्सवाल्यांनी ह्यात बाजी मारली हे मान्य करायला पाहिजे, मी स्वतः प्लेस्टेशनवाला असलो तरी. ३६० चा प्रोसेसर पण वेगळ्याच जातीचा होता, तरी २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी ३६० चे गेम एक्सबॉक्स वनवर चालवून दाखवले, २०१७ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सचे पण आणले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात शेवटचे सत्तरच्या वर गेम टाकून ती यादी बंद केली. म्हणजे ३६० चे सहाशेच्या वर गेम आताच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर चालतात, सगळे नाही, यादीत असलेलेच. जीटीए ४ चालतो, रेड डेड रिडेम्प्शन चालतो. कायनेक्टसमोर, म्हणजे अंगाची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर, उड्या मारायचे गेम सिरीजवर चालत नाहीत कारण कायनेक्ट जोडायला जागाच नाही. यादी एक्सबॉक्सच्या साईटवर आहे, आपल्या डिस्कचं नाव त्यात शोधा, दुकानदाराला विचारू नका.

आणि एक गंमत जी कुणी सांगत नाही. सिरीज एक्समध्ये ३६० ची डिस्क घातली की ती डिस्क वाचून गेम चालत नाही. डिस्क फक्त किल्ली. मशीन बघतो की हां, ह्याच्याकडे डिस्क आहे, आणि त्या गेमची नवीन मशीनसाठी तयार केलेली आवृत्ती नेटवरून उतरवून घेतो, आणि खेळताना प्रत्येक वेळी डिस्क आत पाहिजेच. म्हणजे नेट नसलेल्या घरात ३६० ची डिस्क पहिल्या दिवशी काही कामाची नाही. त्याच्या धाकट्या भावाला, सिरीज एसला, तर फटच नाही, तिथे डिस्कवाल्यांनी फिरकूच नये.

निन्टेंडो कंपनीचा कन्सोल, स्विच, इथे अधिकृत मिळत नाही, गोवा नाहीतर दुबईवरून आलेला असतो. थोडक्यात, स्विच २ (२०२५) मध्ये पहिल्या स्विचची कार्डं बसतात आणि बहुतेक चालतात, त्याच्या मागचं काही नाही.

तिसरं काम: फट असलेला घ्यायचा की नसलेला

साधा नियम. पलंगावर लागणाऱ्या पाच-सहाच्या वर डिस्का असतील तर फट असलेलाच घ्या. नुसत्या जुन्या डिस्कांसाठी नाही, सेकंडहँड बाजारासाठी पण, कारण पीएस ४ च्या डिस्का आता स्वस्तात मिळतात, मित्राकडून आठवड्यासाठी आणता येतात, खेळून झाल्या की विकता येतात. डिजिटल गेम एकदा घेतला की तो तुमच्या गळ्यात.

२०२३ नंतरच्या स्लिम पीएस ५ डिजिटलला डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडता येतो. भाच्याचं शेवटी तसंच केलं, पण तो ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना नेट लागतंय, मशीनशी त्याची ओळख ऑनलाइन होते. जुन्या जाड डिजिटल एडिशनला ती सोय नाही, तो सेकंडहँड घेताना डोळे उघडे ठेवा.

चौथं काम: जुना विकण्याआधी सेव्ह काढून घ्या

सेव्ह म्हणजे तुमचा खेळ कुठवर आला त्याची मशीनमधली नोंद. हे मी स्वतः चुकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझा पीएस ४ निपाणीच्या एका मित्राला विकला, रीसेट मारला, गाडीत ठेवला, आणि हायवेला लागल्यावर आठवलं की तीन वर्षं खेळलेल्या क्रिकेट करिअरचं सेव्ह आतच होतं. गेलं. सहा शतकं होती हो.

तर पेन ड्राइव्ह घ्या, एक्सफॅट किंवा फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला. पीएस ४ च्या सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, तिथे सिस्टिम स्टोरेजमधला डेटा, मग कॉपी टू यूएसबी. सगळे गेम टिक करा. पेन ड्राइव्ह पीएस ५ ला लावा, सेटिंगमध्ये सेव्ह्ड डेटा, पीएस ४ चा डेटा, यूएसबीवरून कॉपी. प्लसचं सबस्क्रिप्शन असेल तर क्लाउडवरून पण येतं, आणि दोन्ही मशीन घरात असतील तर एकाच राउटरवर लावून सरळ ट्रान्सफर होतंय. प्लेस्टेशनचा लॉगिन आयडी मात्र तोच पाहिजे, दुसऱ्या नावाने लॉगिन करून सेव्ह दिसत नाही म्हणून ओरडू नका.

उलटं लक्षात ठेवा, पीएस ५ चे स्वतःचे सेव्ह पेन ड्राइव्हवर निघत नाहीत, फक्त क्लाउडवर. आणि काही गेमची पीएस ४ ची आणि पीएस ५ ची अशा दोन आवृत्त्या असतात, एकाचं सेव्ह दुसऱ्यात आपोआप येत नाही, गेमच्या मेनूमध्ये शोधावं लागतं, काही गेममध्ये ती सोयच नाही.

३६० वाल्यांनी जुना मशीन चालू करून सेव्ह क्लाउड सेव्ह्ड गेम्समध्ये कॉपी करायचं, मग सिरीजवर त्याच आयडीने तो गेम उघडला की सेव्ह खाली येतं.

पाचवं काम: घरी आणल्यावर

डिस्क घातली आणि लगेच खेळलो असं आता नसतं. आधी इन्स्टॉल, मग अपडेट. पन्नास जीबीचा अपडेट चाळीस एमबीपीएसच्या फायबरवर पावणेतीन तास घेतो, तेही लाईट गेली नाही तर. पावसाळ्यात आमच्याकडे वारा सुटला की लाईट गेलीच म्हणून समजा, आणि एक्स्टर्नल ड्राइव्हवर काही लिहिणं चालू असताना गेली तर पुढच्या वेळी मशीन ड्राइव्ह रिपेअर करत बसतो. इन्व्हर्टरवर लावा नाहीतर छोटा यूपीएस घ्या.

जागेचं म्हणाल तर पीएस ४ चे गेम साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवून तिथूनच खेळता येतात, २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंत. पीएस ५ चे गेम त्यावर ठेवता येतात पण खेळता येत नाहीत. पीएस ४ ला आधीपासून हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती तशीच काढून पीएस ५ ला लावा, गेम दिसतात, परत उतरवायची गरज नाही. एवढ्या एका गोष्टीने भाच्याचे दोन दिवस वाचले.

रिमोट: पीएस ४ चा जुना रिमोट पीएस ५ वर पीएस ४ चेच गेम खेळायला चालतो, पीएस ५ च्या गेमला नाही. म्हणून दुसऱ्या खेळाडूसाठी तो ठेवा, विकू नका. एक्सबॉक्स वनचा रिमोट सिरीजवर सगळीकडे चालतो, ३६० चा चालत नाही.

बाहेरून आणलेल्या डिस्काचं एक. पीएस ४, पीएस ५ च्या डिस्का कुठल्याही देशातल्या असल्या तरी लागतात, दुबईच्या काकांनी आणली तरी. पण त्या गेमचे जादा भाग, म्हणजे डीएलसी, डिस्क ज्या रीजनची आहे त्याच रीजनच्या आयडीवरून घ्यावे लागतात. इंडियाच्या आयडीवरून पैसे भरले आणि जुळलं नाही तर बसा.

आता जे कशावरच लागत नाही त्याचं

पलंगावर शेवटी एक ढीग उरतो, पीएस २ आणि पीएस ३ चा. माझ्याकडे त्यात ईएचं क्रिकेट ०७, सॅन अँड्रियाज, आणि २००९ मध्ये पीएस २ साठी भारतातच बनलेला हनुमान बॉय वॉरियर. ह्यांच्यासाठी माझं सरळ मत, जुना मशीन विकू नका. नव्यासाठी हजार-दोन हजार कमी पडतायत म्हणून लोक पीएस २ फुंकून टाकतात आणि दोन वर्षांनी दुप्पट पैशात शोधत फिरतात. गेला असेल तर दुसरा शोधा.

पीएस २ च्या डिस्का खेळायला जुना पीएस ३ घ्यावा काय, एकात दोन कामं? समोर चार यूएसबी पोर्ट असलेला जाड पीएस ३ असेल तर पीएस २ ची डिस्क लागायची शक्यता आहे. दोनच पोर्ट असतील तर विसरा. पण ते चार पोर्टवाले आता म्हातारे झालेत, गरम होऊन पिवळा दिवा लावतात आणि बसतात. त्यापेक्षा साधा स्लिम पीएस २ बरा.

तो नव्या टीव्हीला जोडताना पिवळी-लाल-पांढरी वायर लावायला जागा नसते. एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, काही शेकड्यात मिळतो, टीव्हीचा गेम मोड चालू करा नाहीतर बटण आता दाबलं आणि बॅट नंतर फिरली असं होतंय. खरी मजा डबडा टीव्हीवरच. मामाच्या माळ्यावर पडलेला असेल तर घेऊन या, मामी उलट आभार मानेल.

पीएस २ मध्ये पीएस १ ची डिस्क चालते पण त्याचं सेव्ह पीएस २ च्या मेमरी कार्डात होत नाही, पीएस १ चंच कार्ड लागतं. टेकन ३ खेळताना ही गोष्ट कळायला मला एक आख्खी सुट्टी लागली.

अमेरिकेवरून कुणी जुना मशीन आणला तर प्लग घालण्याआधी मागचं स्टिकर वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १२० असेल आणि आपल्या २३० मध्ये घातलात तर वास येईल आणि संपलं.

डिस्क पुसताना मऊ कापड घ्या, मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको, कारण डेटा गोल लिहिलेला असतो आणि गोल ओरखडा एका ठिकाणचं बरंच काही एकदम घेऊन जातो. जून-जुलैत खानापूरकडे कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते, तिथे डब्यात त्या छोट्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

कॅसेटवाल्या टीव्ही गेमचं पण कुणीतरी विचारणारच. तो ९९९९ इन १ वाला, ज्यात खरे गेम पंधरा-वीस आणि बाकी तेच फिरून फिरून. ती कॅसेट आजच्या कशातच बसत नाही, आणि कॅसेटीत फू मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पितळी पट्ट्या खराब होतात, कानाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल लावून पुसा. बदकं मारायची बंदूक एलसीडीवर चालत नाही, ती जुन्या टीव्हीच्या काचेवरचा प्रकाश नेमका त्या क्षणी पकडते आणि एलसीडी तो थोडा उशिरा दाखवतो. बंदूक बिघडली म्हणून मी स्क्रू काढून बसलो होतो, ती ठणठणीत होती. काँट्रा मात्र खेळायचाच असेल तर कोनामीने २०१९ मध्ये बरेच जुने काँट्रा एकत्र काढलेत, पीएस ४, एक्सबॉक्स, स्विच सगळीकडे.

सेकंडहँड बघायला जाताना

बेळगावच्या खडेबाजारात बघा, कोल्हापूरला जा किंवा हुबळीला, खिशात तीन गोष्टी ठेवा. स्वतःची एक चालणारी डिस्क, पेन ड्राइव्ह, आणि मोबाईलचा हॉटस्पॉट. पीएस २ असेल तर एक निळी सीडी आणि एक चांदीची डीव्हीडी अशा दोन न्या, कारण लेन्स म्हातारी झाली की एक वाचते आणि दुसरी नाही, आणि विकणारा तुम्हाला वाचते तीच लावून दाखवतो. पंधरा-वीस मिनिटं खेळा, पंख्याचा आवाज ऐका. पीएस ४, पीएस ५ असेल तर त्याचा आयडी काढून तुमच्यासमोर रीसेट मारायला लावा आणि तुमच्या हॉटस्पॉटवर स्वतःचा आयडी टाकून लॉगिन होतंय काय बघा, बॅन झालेला, म्हणजे कंपनीने ऑनलाइन बंद केलेला, मशीन तिथेच कळतो.

आणि "आत्ता लाईट नाही, पण चालूच आहे, घेऊन जावा" असं कुणी म्हटलं तर समोरच्या टपरीवर चहा घ्या आणि लाईट येईपर्यंत बसा. मी एकदा शनिवार खुटाजवळ दीड तास बसलोय. लाईट आली, मशीन चालू केला, डिस्क आत गेली आणि बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.